पुस्तक मिटा, वही उघडा : फिजिक्सचा अभ्यास कसा करावा?

(विहाराच्या वर्धापन दिनानिमित्त भरलेल्या विद्यार्थी-पालक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



समितीने मला ‘अभ्यास कसा करावा’ या विषयावर चार शब्द बोलायला सांगितले. विषय फार मोठा आहे आणि माझी शिदोरी लहान. मी ज्युनिअर कॉलेजमध्ये जन्मभर फिजिक्स शिकवलं. तेव्हा मी फिजिक्सपुरतंच बोलतो. त्यातलं तुम्हांला गणिताला, रसायनशास्त्राला लागू पडलं तर उत्तमच.

मागच्या महिन्यात आपल्या वस्तीतली एक मुलगी माझ्याकडे आली. अकरावी सायन्सला आहे. तिला विचारूनच हे सांगतोय. ती म्हणाली, “आजोबा, मी आर्ट्सला बदलून घेऊ का? मी चार-चार तास बसते, धडा तीन वेळा वाचते, तरी पेपरात गणित सुटत नाही. मला फिजिक्स जमणारच नाही.” मी तिला विचारलं, “धडा वाचतेस, मग गणित किती सोडवतेस?” ती म्हणाली, “धडा नीट समजला की सोडवणार आहे.”

मंडळी, हे ऐकलं आणि माझ्या पोटात धस्स झालं. हेच वाक्य मी १९८१ साली म्हणत होतो. मीही धडे वाचत होतो, पाठ करत होतो आणि बारावीला फिजिक्समध्ये नापास झालो. माझ्याबरोबर माझा चाळीतला मित्रही नापास झाला. तो माझ्यापेक्षा हुशार होता, हे आजही मी छातीला हात लावून सांगतो. मला घरच्यांनी पुन्हा बसू दिलं. त्याच्या घरी ते परवडणारं नव्हतं. तो गिरणीत बदली कामगार म्हणून लागला आणि १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. पुढचं तुम्हां ज्येष्ठांना मी सांगायला नको. तर ही जी मुलगी माझ्याकडे आली, ती त्याची नात. तिला “हो, बदलून घे” असं मी कसं म्हणणार? आर्ट्स वाईट नाही, बरं का! आवडीने जावं, मोठं व्हावं. पण ‘मला जमत नाही’ म्हणून पळून जाऊ नये. कारण बहुतेक वेळा डोकं कमी पडत नाही, अभ्यासाची रीत चुकलेली असते.

आता ही चूक नेमकी काय, ते पाहू. वाचलेलं परत वाचलं की ते ओळखीचं वाटतं. ओळखीचं वाटतं म्हणून आपल्याला वाटतं, आलं! पण ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. शेजारच्या गल्लीतला माणूस रोज दिसतो, ओळखता येतो. पण त्याचं चित्र काढा म्हटलं तर काढता येईल का? नाही येणार. पेपरात आपल्याला चित्र काढायचं असतं.

यावर अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका भागात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकदाच वाचला आणि कागद बाजूला ठेवून तीन वेळा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा चार वेळा वाचणारे पुढे होते. पण एका आठवड्याने घेतली, तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के! गंमत म्हणजे, आपल्याला चांगलं लक्षात राहील असा भरवसा चार वेळा वाचणाऱ्यांनाच जास्त होता. आपली परीक्षा पाच मिनिटांनी नसते, मुलांनो, ती फेब्रुवारी-मार्चमध्ये असते. म्हणून पहिली सवय ही लावा : धडा एकदा लक्ष देऊन वाचा, पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर जे आठवेल ते लिहा. व्याख्या, सूत्र, आकृती, सगळं. मग पुस्तक उघडून लाल पेनने राहिलेलं भरा. तेच परत दोन दिवसांनी करा, आठवड्याने करा, महिन्याने करा. दर वेळी थोडं विसरलेलं असेल. असू द्या. विसरलेलं ओढून काढताना जो त्रास होतो, त्यातूनच ते पक्कं होतं.

दुसरी गोष्ट, शब्द पाठ झाले म्हणजे विषय आला असं समजू नका. नोबेल पारितोषिक मिळवलेले शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन १९५० च्या सुमारास ब्राझीलमध्ये शिकवायला गेले होते. तिथले विद्यार्थी प्रकाशाच्या ध्रुवीकरणाचा नियम घडाघडा म्हणून दाखवायचे. पण समोर समुद्रावर पडलेला प्रकाश पोलरॉइडच्या तुकड्यातून बघा, तो तुकडा फिरवा, काय दिसेल, असं विचारलं तर कोणाला सांगता येईना. पाण्यावरून परतणारा प्रकाश म्हणजेच तो नियम, हे त्यांच्या ध्यानीच आलं नव्हतं. नियम वहीत होता आणि समुद्र खिडकीबाहेर. दोघांची भेट झाली नव्हती.

आपल्याकडे वेगळं आहे का? माझंच सांगतो. माझे वडील मार्केटात हमाली करायचे. अकरावीत कार्याचा धडा आला. बल गुणिले बलाच्या दिशेने झालेलं विस्थापन म्हणजे कार्य. त्यात लिहिलं होतं, डोक्यावर ओझं घेऊन माणूस नुसता उभा राहिला तर त्याने ओझ्यावर केलेलं कार्य शून्य. सपाट रस्त्याने एकसारख्या वेगाने चालत गेला तरी शून्य. मी उभा राहिलो आणि म्हणालो, “सर, मग माझा बाप दिवसभर करतो ते काय? त्याची तर पाठ मोडते.” वर्ग हसला. सर म्हणाले, “शहाणपणा करू नकोस, व्याख्या पाठ कर.” मी खाली बसलो. त्या दिवशी माझ्या मनात फिजिक्सचं दार बंद झालं. मला वाटलं, हे शास्त्र आपल्या लोकांचं नाहीच, ते आपल्या बापाच्या घामाला शून्य म्हणतं.

नापास झाल्यावर अभ्यासिकेत एक दादा भेटला. बी.एस्सी. करत होता. त्याने मला पाटीवर समजावलं. तो म्हणाला, “तुझा बाप उभा राहतो तेव्हा पोतं वर जात नाही, म्हणून पोत्याला ऊर्जा मिळत नाही. पुस्तक पोत्याबद्दल बोलतंय, तुझ्या बापाबद्दल नाही. बापाच्या स्नायूंतले तंतू सारखे आखडतात, सुटतात, परत आखडतात. त्यात अन्नातली ऊर्जा खर्च होते आणि तिची उष्णता होते. म्हणून घाम येतो, म्हणून थकवा येतो. आणि तो ५० किलोचं पोतं घेऊन ३ मीटर उंच जिना चढला तर? करून बघ.” मी केलं. ५० गुणिले ९.८ गुणिले ३, म्हणजे १४७० जूल. मग तो म्हणाला, “बाप स्वतः वर गेला नाही का? त्याचं वजन धर की ६० किलो.” म्हणजे ११० गुणिले ९.८ गुणिले ३, झाले ३२३४ जूल. एका खेपेचे! मंडळी, त्या रात्री मला कार्य, ऊर्जा आणि माझा बाप हे तिन्ही एकदम समजले. म्हणून मुलांनो, पुस्तकातलं वाक्य आपल्या अनुभवाशी भांडत असेल तर गप्प बसू नका. त्या भांडणातच खरं शिकणं असतं. प्रश्न वहीत लिहून ठेवा आणि उत्तर मिळेपर्यंत माणसं बदला, पण प्रश्न सोडू नका.

असे भांडणाचे प्रश्न पुष्कळ आहेत. एक आत्ताच विचारतो. चेंडू सरळ वर फेकला. हात सुटला आहे आणि चेंडू वर चालला आहे. या क्षणी त्याच्यावर कोणतं बल आहे? मागून आवाज आला, “हाताचं.” बरोबर आहे, सगळेच असं म्हणतात. पण हात तर सुटला! हवेचा अडथळा सोडला तर फक्त गुरुत्वाकर्षण आहे आणि ते खाली ओढतं. चेंडू वर जातो तो आधी मिळालेल्या वेगामुळे. आणि अगदी टोकाला, क्षणभर वेग शून्य होतो तेव्हा त्वरण किती? शून्य नव्हे! ९.८ च, खालच्या दिशेने. ते शून्य असतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता. अमेरिकेत हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली अशाच साध्या प्रश्नांची चाचणी प्रसिद्ध केली. हार्वर्ड विद्यापीठातले प्राध्यापक एरिक माझूर यांनाही असल्या प्रश्नांनी धक्का दिला होता. त्यांची मुलं अवघड गणितं सोडवत होती आणि साध्या प्रश्नाला अडखळत होती. म्हणून त्यांनी वर्गात प्रश्न टाकायचा, आधी प्रत्येकाने आपलं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवून द्यायचं आणि पुन्हा उत्तर द्यायचं, अशी पद्धत सुरू केली. हार्वर्डची मुलं अडखळतात, मग आपण अडखळलो तर लाज कसली?

आता गणितं सोडवण्याकडे येतो, कारण पेपर तिथेच जातो. अमेरिकेत १९८१ साली मिशलिन ची यांनी सहकाऱ्यांबरोबर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नवख्या विद्यार्थ्यांना आणि फिजिक्समध्ये मुरलेल्या लोकांना गणितांचे गठ्ठे लावायला सांगितले. नवख्यांनी उताराची गणितं एकीकडे, कप्पीची एकीकडे, स्प्रिंगची एकीकडे असे गठ्ठे लावले. मुरलेल्यांनी ऊर्जेच्या अक्षय्यतेची एकीकडे, न्यूटनच्या दुसऱ्या नियमाची एकीकडे असे लावले. म्हणजे नवखा वस्तू बघतो, जाणकार तत्त्व बघतो. आपली मुलं काय करतात? दिलेल्या संख्या बघतात, त्या ज्या सूत्रात बसतील ते सूत्र शोधतात आणि टाकतात भरून. कुलूप न बघता किल्ल्यांचा जुडगा फिरवण्यासारखं आहे हे.

मी माझ्या विद्यार्थ्यांना पाच पायऱ्या सांगायचो. पहिली, चित्र काढा. वस्तू एकटी काढा आणि तिच्यावर कोण कोण बल लावतंय ते बाणांनी दाखवा. प्रत्येक बाणाला विचारा, ‘तुला कोण लावतंय?’ उत्तर नसेल तर बाण खोडा. दुसरी, दिलेलं काय आणि काढायचं काय ते एककांसह लिहा. तिसरी, कोणतं तत्त्व लागतं ते मराठीत एका वाक्यात लिहा. चौथी, मग सूत्र आणि आकडेमोड. पाचवी, उत्तर तपासा. ही पाचवी कोणी करत नाही! एकाने मला माणसाचा पळण्याचा वेग सेकंदाला ३०० मीटर काढून दिला. मी म्हटलं, “अरे बाबा, आवाज हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. हा माणूस पळतोय की तोफेतून सुटलाय?”

एकक हा तर गरिबाचा मित्र आहे. क्लास लावायला पैसे नाहीत, पण एकक फुकट तपासून देतं. लंबकाचा आवर्तकाल काढताना मुळात लांबी भागिले जी की जी भागिले लांबी, हे विसरलात? घाबरू नका. लांबी मीटरमध्ये आहे, जी मीटर प्रति सेकंद वर्गात आहे. लांबीला जी ने भागलं तर सेकंद वर्ग उरतो, वर्गमूळ काढलं की सेकंद. वेळ सेकंदातच हवी. म्हणजे लांबी वर. मात्र सूत्रातला दोन पाय एककावरून कळत नाही, तो ध्यानात ठेवावा लागतो.

आणि हे घरी करून बघा. एक मजबूत दोरा घ्या, खाली जड नट किंवा लहान कुलूप बांधा. खिळ्यापासून कुलपाच्या मध्यापर्यंत बरोबर १ मीटर ठेवा. थोडंसंच बाजूला ओढून सोडा. पूर्ण २० झोके मोजा, जाऊन परत आला की एक. मोबाईलच्या घड्याळात ४० सेकंदांच्या आसपास येईल. एक झोका २ सेकंदांचा. सूत्रात घाला, जी ९.८ च्या जवळपास निघेल. २० च का मोजायचे? कारण बटण दाबताना होणारी चूक २० झोक्यांत वाटली जाते. पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण तुम्ही घरात, एका कुलपावर मोजलंत! हे ज्याने एकदा केलं तो ते सूत्र विसरणार नाही. विजेचंही तसंच. ६० वॅटचा जुना दिवा १० तास जळला तर ०.६ युनिट, ९ वॅटचा एलईडी १० तास जळला तर ०.०९ युनिट. घरचं वीजबिल घ्या आणि हिशोब लावा. आई खूश होईल, धडाही होईल.

सोडवलेली उदाहरणं वाचून ‘कळलं’ म्हणू नका. उत्तर झाकून ठेवा. दहा-पंधरा मिनिटं स्वतः झटा. अडलंच तर एकच ओळ बघा आणि परत झाका. पूर्ण झालं की कोऱ्या पानावर पहिल्यापासून परत सोडवा आणि आठवड्याने पुन्हा. मोबाईलवरच्या व्हिडिओंचंही हेच. आज चांगलं शिकवणारे घरबसल्या मिळतात, आमच्या वेळी नव्हते, ही मोठी सोय झाली. पण दुसऱ्याला पोहताना बघून कोणी पोहायला शिकलंय का? अर्धा तास व्हिडिओ बघितला तर एक तास वही काळी करा. आणि एकाच प्रकारची वीस गणितं ओळीने करू नका. दोन गतीची, दोन ऊर्जेची, दोन विजेची अशी मिसळून करा. पेपरात कोणतं गणित कोणत्या धड्याचं, हे वर लिहिलेलं नसतं.

एक वही चुकांची ठेवा. गणित चुकलं की त्यात लिहा, कुठे चुकलो आणि का चुकलो. चिन्ह चुकलं? एकक बदललं नाही? तत्त्वच चुकीचं घेतलं? महिन्याभरात दिसेल की आपल्या चुका शंभर नाहीत, चार-पाचच आहेत आणि त्याच परत परत येतात. परीक्षेच्या आदल्या रात्री ही वही वाचा आणि झोपा. रात्रभर जागू नका. झोपेत शिकलेलं पक्कं होतं.

आता भाषेचं. आपली पुष्कळ मुलं दहावीपर्यंत मराठीतून शिकतात आणि अकरावीला एकदम इंग्रजी पुस्तक हातात येतं. मुलगा फिजिक्सला घाबरत नाही, इंग्रजीला घाबरतो आणि आपण म्हणतो फिजिक्स कच्चं. मुंबईत मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, १९७४ साली सुरू झालेलं. तिथे वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात वंचित समाजातल्या मुलांमधली गुणवत्ता शोधून ती जोपासण्याचं काम केलं. विज्ञान शिकताना भाषा ही केवढी मोठी अडचण असते, हे त्यांनी आवर्जून मांडलं. म्हणून दोन रकान्यांची वही करा. फोर्स म्हणजे बल, मोमेंटम म्हणजे संवेग, अॅक्सिलरेशन म्हणजे त्वरण, इनर्शिया म्हणजे जडत्व. रोज पाच शब्द. विचार मराठीत करा, उत्तर इंग्रजीत लिहा. दोन-तीन महिन्यांत भीती जाईल.

आणि कोणी म्हणेल, घरात शिकलेलं कोणी नाही, तर मायकेल फॅरडेचं नाव घ्या. लोहाराचा मुलगा. चौदाव्या वर्षी पुस्तकं बांधणाऱ्याकडे उमेदवारीला लागला. बांधायला आलेली पुस्तकं वाचायचा. १८१२ साली हंफ्री डेव्ही यांची व्याख्यानं ऐकायला मिळाली. घरी येऊन त्याने ती सविस्तर लिहून काढली, आकृत्या काढल्या, स्वतःच्या हाताने बांधली आणि डेव्हींना पाठवली. पुढच्या वर्षी त्यांच्या प्रयोगशाळेत त्याला नोकरी मिळाली. १८३१ साली त्याने विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. आपल्या घरात वीज येते, ती बहुतेक त्याच तत्त्वावर जनित्रात तयार होते. ऐकलेलं घरी येऊन स्वतः मांडायचं, या सवयीने त्याला ते दार उघडून दिलं.

आता दोन शब्द पालकांना. “किती तास बसलास?” असं विचारू नका. तास भरतात, डोकं भरत नाही. त्याऐवजी विचारा, “आज काय शिकलास ते मला सांग.” आई शिकलेली नसली तरी चालेल. उलट बरंच. आईला समजेल असं सांगता आलं तर मुलाला ते आलं. सांगता सांगता मुलगा अडखळला की त्याला स्वतःलाच कळतं, इथे आपलं कच्चं आहे. तुम्ही फक्त “म्हणजे काय रे?” एवढंच विचारत राहा. आणि दुसरं, मुलीच्या हातातलं पुस्तक काढून तिला भांड्यांना बसवता, तेव्हा मुलगा काय करत असतो, तेही बघा. काम वाटून घ्या. तिलाही सलग तासभर मिळाला पाहिजे.

शेवटी समितीला एक विनंती. आपली घरं लहान आहेत. टीव्ही, पाहुणे, पाण्याची वेळ यांत मूल बसणार कुठे? हा हॉल रोज संध्याकाळी ७ ते ९ मुलांना उघडा करून द्या. एक फळा, खडू आणि दिवा, एवढंच लागतं. बारावीच्या मुलाने अकरावीच्या मुलीला शिकवायचं, तिने दहावीच्याला. शिकवणाऱ्याचाच त्यात जास्त फायदा आहे. मला १९८१ साली असा एक दादा भेटला म्हणून मी आज इथे उभा आहे. माझ्या मित्राला तो भेटला नाही, एवढाच आमच्या दोघांतला फरक. समितीने परवानगी दिली तर सोमवारपासून मी स्वतः येऊन बसेन. पहिली विद्यार्थिनी ठरलेली आहे. तिने अजून आर्ट्सचा फॉर्म भरलेला नाही. मागच्या रविवारी तिने माझ्यासमोर पुस्तक मिटून लंबकाचं गणित सोडवलं. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा सुटलं. माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, “आजोबा, आणखी एक द्या.”

मुलांनो, हे ‘आणखी एक द्या’ ज्याच्या तोंडून निघालं, त्याची मला काळजी वाटत नाही.